काटा बघणं

"आवाज येतोय," आई मागून म्हणाली.

मी थांबले. पाझर तलावाच्या भरावावर आम्हा दोघींखेरीज कुणी नव्हतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दुपार कलली होती आणि पायाखालचा मुरूम अजून कोमट होता.

"कसला आवाज?"

"तुझ्या पायाचा. म्हस पळाल्यागत वाजतोय." ती जवळ आली आणि माझ्या अनवाणी पायांकडे बघत उभी राहिली. "पाय आपटायचा न्हाई, ठेवायचा. भाकरी तव्यावर टाकताना आपटतीस का? तसा. पुढचा तळवा आधी, टाच मागनं."

मी पुन्हा पळायला लागले. एकेक खडा तळव्यात घुसत होता. भरावाखाली गवत होतं, तिथून पळू का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "घाटात तुझ्यासाठी गवत कोण हातरून ठिवणार हाय?"

मी तेव्हा तिशीत होते. सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि प्रबंध पुरा करायला रजा घेऊन गावी आले होते. शाळा सुटल्यापासून टेकवाडीत काढलेला तो माझा पहिला हिवाळा. यंदा देवीच्या ज्योतीबरोबर पळणार, असं मी जाहीर केलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, "कशाला?" मी पायातल्या चपलेशी चाळा करत राहिले. तेव्हा ती म्हणाली, "मग आजपासनं चपला काढ."

आमच्याकडे पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेला डोंगरावरच्या देवीची ज्योत गावात येते आणि ती बायका आणतात. त्याचं कारण साधं आहे. खानापूरच्या माळावर पाऊस नाही, म्हणून आमच्या भागातले पुरुष पिढ्यान् पिढ्या गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, परमुलखात जातात. कुणी केरळात, कुणी पंजाबात. एका वर्षी म्हणे ज्योत आणायला गावात धडधाकट पुरुषच नव्हता. बायकांनी काष्टे खोचले आणि आणली. पुढे तीच रीत झाली. पळायचं अनवाणी, अंधारात निघायचं आणि खिंडीचा घाट उतरून उजाडता वेशीत यायचं. पौषात आमच्या माळावर गवतावर दहिवर गोठतं.

घाटाचा शेवटचा टप्पा आईचा होता. माझे वडील, अण्णा, इरोडला दुकानात होते. त्यांचं गावी येणं ज्या वर्षी बंद झालं, त्याच्या पुढच्या वर्षी आईनं हा टप्पा मागून घेतला होता. अण्णांचं तिकडं दुसरं घर होतं, मुलं होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "औंदा तरी येणार का गं, अंजिरा?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "दुकान सोडवत न्हाई." यापलीकडे तिच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नाही. भावकीतल्या लग्नात हळद लावायला सवाष्णी पुढे बोलावल्या की आई आपणहून खांबामागे सरकायची आणि तिला कुणी पुढे ओढायचं नाही. पण पौर्णिमेच्या सकाळी ज्योत घेऊन ती वेशीत शिरली की अण्णांचे थोरले भाऊ, आमचे थोरले काका, तांब्या घेऊन वाकायचे आणि अख्ख्या गावासमोर तिचे पाय धुवायचे. मग दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत ती पुन्हा खांबामागे.

थंडी वाढली तशी आई मला रोज थोडी लवकर उठवू लागली. आधी उन्हात पळवलं, मग ऊन यायच्या वेळेला, मग त्याच्याही आधी. एकदम गारठ्यात उतरलं की कातडं तडकतं, असं ती सांगायची. पळून आल्यावर चुलीजवळ बसायचं नाही. शेकोटीवर पाय धरायचे नाहीत. भेगा पडल्या तर रात्री मेण आणि तिळाचं तेल कढवून भरायचं. हळूहळू आणखी बायका भरावावर यायला लागल्या. बायडाक्का यायची, ती आईच्या वयाची, जाडजूड आणि तोंडाळ. थोरल्या काकींची सून सुवर्णावहिनी यायची. ती गप्प पळायची, हरणासारखी.

"प्रोफेसरीणबाई," बायडाक्का मला म्हणायची, "पुस्तकं वाचायला पाय लागत न्हाईत, म्हणून तुझं लोण्यागत ऱ्हायल्यात. आमच्या पायानं विळ्याला धार लावावी."

आई हसायची, पण तिचं लक्ष सगळ्यांच्या पायांवर असायचं. पाय बघणं हे तिचंच काम होतं. खिंडीच्या माथ्यावर, घाट उतरायच्या आधी, ज्योत थांबते. तिथं प्रत्येकीनं तोंड वर करून पाय पुढे द्यायचा. आई बाभळीचा काटा तळव्याला ठिकठिकाणी टेकवायची, टोचेल इतपतच. लागलं की "लागलं" म्हणायचं. काटा टेकूनही जी गप्प राहिली तिला टेम्पोत बसवायचं आणि पाय घोंगड्यात गुंडाळायचे, मग ती कुणीही असो. माझ्या लहानपणी शेवंता नावाची एक बाई बधिर पायानं घाट उतरली होती. वेशीत आल्यावर तिच्या मागे रक्ताचे ठसे लोकांना दिसले. फुटक्या बाटलीवरून ती पळत आली होती आणि तिला पत्ताही नव्हता. तिचा पाय पुढे घोट्यापासून कापावा लागला. "बधिर पाय काई सांगत न्हाई," आई प्रत्येक नव्या मुलीला सांगायची. "मग तू कुणाच्या भरवशावर पळणार?"

मार्गशीर्ष संपत आला होता. एका सकाळी पळून परतताना आई माझ्या पुढे चालत होती. तिच्या उजव्या टाचेजवळ काहीतरी लोंबत होतं. आधी मला वाटलं चिखलाचा गोळा असेल. वाकून बघितलं तर सराटा होता, वाळलेला, चांगला मोठा, काटे तळव्यात रुतलेले. मला पळताना एक बारका सराटा लागला तर मी किंचाळले होते.

"आई, थांब. सराटा रुतलाय."

ती थांबली. पाय उचलून बघितला, उपटून फेकला. "व्हय, कळलं मला."

"मग काढला का नाहीस?"

"घरी जाऊन काढला असता."

पण ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायात काटा सोडला नाही, ती सराट्यावर चालत घरी कशी जाईल, हे मनातून जाईना. तिला साखर होती. विट्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या ती कधी घ्यायची, कधी विसरायची.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी चुलीपुढे वाचत बसले होते. आईनं पाय धुवायला घंगाळात पाणी ओतलं आणि दोन्ही पाय आत सोडले. पाण्यातून वाफ येत होती. ती माझ्याशी सुवर्णावहिनीच्या पळण्याबद्दल बोलत होती, की पोरगी चांगली आहे, पण वळणावर बाहेरच्या अंगाला जाते. मी सहज हात घालायला गेले आणि झटकन मागे घेतला.

"आई, पाणी कढत आहे. पाय काढ."

तिनं काढले. घोट्यापर्यंत लालभडक झाले होते. तिनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू कुणा दुसऱ्याचे पाय तिच्यापुढे आणून ठेवले होते.

"लागलं नाही तुला?"

"थंडीनं बधिर झाल्यात."

"चुलीपुढं बसून?"

तिनं पदरानं पाय पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मी म्हणाले, साखरेनं असं होतं, आधी पाय जातात, जखम झाली तर कळत नाही, सडते. उद्याच विट्याला जाऊ. मी हे सगळं सांगलीत वर्गात बोलते तसं बोलत होते आणि ते मला ऐकू येत होतं.

"पुनव झाल्यावर जाऊ," ती म्हणाली. "तवर गप ऱ्हायाचं."

"तू पळणार नाहीस."

"पळणार."

"मी बायडाक्काला सांगेन. थोरल्या काकींना सांगेन."

तिनं मान वर केली. रागावली नव्हती. "सांग की. जा आत्ताच. आन मी वेशीत कुठं उभी ऱ्हाऊ, त्ये पण त्येंनाच इचारून ये."

मी गेले नाही.

त्यानंतर मी तिच्या मागे पळणं सोडलं आणि पुढे पळू लागले. रस्त्यात काच दिसली, खिळा दिसला, सराट्याची वेल दिसली की उचलून बाजूला टाकायची. तिला ते कळत होतं. "रस्ता झाडतीस का पळतीस?" असं ती एकदा म्हणाली, पण अडवलं नाही. रात्री मेण-तेल लावायच्या निमित्तानं मी तिचा पाय मांडीवर घ्यायची आणि कंदिलाजवळ नेऊन बघायची. एकदा तिच्या अंगठ्याखाली काट्याचं मोडलेलं टोक सापडलं. मी ते सुईनं उकरून काढत होते आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून होती. झोपली असेल असं मला वाटलं. सुई खोल गेली, रक्ताचा थेंब आला, तरी पाय हलला नाही. मग ती डोळे न उघडता म्हणाली, "झालं का?"

रोज वाटायचं, आज बोलू. रोज सकाळी तिला भरावावर त्या सगळ्या बायकांच्या मध्ये उभी बघायची. थोरल्या काकी एरवी आमच्या दारावरून जाताना मान वळवायच्या. त्यासुद्धा तिथं तिला विचारायच्या, "अंजिरा, आज कुठवर?" आणि मी वाकून वाटेवरचे सराटे वेचायला लागायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वारं पडलं आणि थंडी अशी उतरली की विहिरीवरचा दोर हातात धरवेना. आम्ही डोंगरावर आरती करून निघालो तेव्हा चांदणं टिपूर होतं. ज्योत हातोहात पुढे जात होती. मागून टेम्पो, त्यात तेल, घोंगडी आणि थकलेल्या बायका. माझा टप्पा मधला होता. ज्योत हातात आली तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल. वाटलं ते एवढंच, की पायाखालची जमीन आधी सुरीसारखी लागत होती, मग लागेनाशी झाली, आणि त्याचं बरं वाटलं. ज्योत पुढच्या बाईच्या हाती दिल्यावरही मी टेम्पोत न बसता आईच्या बाजूनं पळत राहिले. ती एकदाही माझ्याकडे वळली नाही.

खिंडीच्या माथ्यावर आलो तेव्हा चंद्र पश्चिमेला उतरला होता आणि खाली गावात एखाददुसरा दिवा दिसत होता. टेम्पोच्या उजेडात बायका ओळीनं बसल्या. आई काटा घेऊन प्रत्येकीसमोर वाकत होती. बायडाक्का म्हणाली, माझ्या तळव्याला लागायला खिळा पाहिजे, काट्यानं काय होणार, आणि सगळ्या हसल्या. पण काटा टेकला तशी ती "लागलं की गं बया" म्हणाली. सुवर्णावहिनीला लागलं. मग आई माझ्यापाशी आली.

मी तोंड वर करून चंद्राकडे बघत होते. उजव्या पायाला टोचलं ते कळलं. मग काही वेळ काहीच झालं नाही.

"संजे," आई म्हणाली. "डाव्याला दोनदा टेकला."

"थांब, पुन्हा बघ."

"एकदाच बघायचं असतं." ती सरळ झाली आणि टेम्पोकडे वळून म्हणाली, "हिला बसवा."

तिचा आवाज कोरडा होता. मला अपमान वाटला असेल, पण त्याहून जास्त भीती वाटली. आता घाटात तिच्या पुढे पळायला मी नव्हते. तिनं काटा कमरेला खोचला आणि ज्योतीसाठी हात पुढे केला.

"आई," मी म्हणाले, "तुझा पाय राहिलाय."

इतक्या वर्षांत आईचा पाय कुणी बघितला नव्हता. बायडाक्का म्हणाली, "तिचा काय बघायचा? काटा मोडंल." पण कुणी हसलं नाही. थोरल्या काकी टेम्पोजवळ शाल लपेटून उभ्या होत्या. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बगू दे की, अंजिरा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचा बघतीस. तुझी लेकच बघतीया, परकं कोण न्हाई."

आईनं ज्योतीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग दगडावर बसली, कमरेचा काटा काढून माझ्या हातात दिला आणि उजवा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. पाय दगडासारखा गार आणि जड होता. तिनं तोंड वर केलं. मी अशी वाकले की माझ्या पाठीनं उजेड अडावा आणि माझा हात बाकीच्यांना दिसू नये. का वाकले, ते मला त्या क्षणी नक्की माहीत नव्हतं. अजून मला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या होत्या.

टाचेला काटा टेकवला.

"लागलं."

अंगठ्याखाली, जिथून मी टोक काढलं होतं, तिथं टेकवला.

"लागलं."

दोन्ही वेळा बरोबर वेळेला. वाटलं, असेल. थोडं असेल अजून. आज पळल्यानं रक्त फिरलं असेल. वाटलं, इथंच थांबावं, उठावं आणि म्हणावं, ठीक आहे.

मी काटा करंगळीच्या खाली नेला आणि टेकवला नाही. कातड्यापासून बोटभर दूर तसाच धरून ठेवला. खाली कुठंतरी कोंबडा आरवला. टेम्पोचं इंजिन धडधडत होतं. मनात मी तिला म्हणत होते, गप्प राहा. फक्त गप्प राहा.

"लागलं," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड वरच होतं. तिचा चेहरा अगदी शांत होता.

माझ्याशिवाय कुणाला काही कळलेलं नव्हतं. मी ते तसंच ठेवू शकले असते. शेवंताचा पाय माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि थोरले काका तांब्या घेऊन वाकलेले तेही डोळ्यांपुढे आले. दोन्ही एकदमच आले.

"काटा टेकला नव्हता," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आईनं पाय खाली घेतला. थोरल्या काकींनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. एक शब्दही त्या बोलल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलता आलं नाही.

"सुवर्णे," आई उठत म्हणाली. "इकडं ये."

वहिनी आली. आईनं ज्योत घेऊन तिच्या हातात दिली आणि तिला घाट सांगू लागली. पहिल्या वळणाला खडी सांडलीय, डोंगराच्या अंगानं जा. पुलाच्या अलीकडं उतार लागंल, तिथं पळावं वाटंल, पळू नको. ज्योत वाऱ्याला पाठ देऊन धर. वहिनी मान हलवत होती. आईनं तिचा काष्टा पुन्हा एकदा घट्ट खोचला आणि पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं.

आम्ही टेम्पोत बसलो, शेजारी शेजारी. पुढे घाटातून ज्योत उतरत होती. वळणावर दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची. आई तिच्याकडेच बघत होती. बाहेरच्या अंगाला जाते का, ते बघत असेल. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जे सुचत होतं ते पुस्तकातलं होतं. थोड्या वेळानं तिनं न बघताच माझा डावा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तळव्यावर तळहात घासू लागली. जोरात घासत होती. आधी काही कळलं नाही. मग मुंग्या आल्या, मग अशी कळ आली की मी पाय मागे ओढला.

"लागतंय?"

"लागतंय."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि दुसरा पाय ओढला.

वेशीत सगळा गाव उभा होता. थोरले काका तांब्या घेऊन पुढे होते. ज्योतीखाली आईऐवजी आपली सून बघून ते गोंधळले. वाकले, तर वहिनीनं पाय मागे घेतले. "नगा, मामंजी," ती म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. काका तसेच अर्धवट वाकून राहिले. हलगी वाजत होती ती थांबली. लोक आईला शोधत माना वळवू लागले आणि टेम्पोत आम्ही सगळ्यांना दिसलो.

मला वाटलं, आता ती खांबामागे सरकेल.

आई टेम्पोतून उतरली. गर्दीतून सरळ चालत पुढे गेली, दिराच्या हातातून तांब्या घेतला आणि वहिनीसमोर उकिडवी बसली. पाणी घातलं. एकेक पाय हातात घेऊन चोळून धुतला. उजव्या टाचेवर अंगठा फिरवून थांबली. "हितं फुटलीया," ती म्हणाली. "रातच्याला मेण भर." मग पदरानं पाय पुसले, कुंकू लावलं आणि उठून हलगीवाल्याकडे बघितलं. हलगी पुन्हा सुरू झाली.

पुढची सगळी वर्षं ज्योत कुणीही आणो, खिंडीत काटा आईच बघायची आणि वेशीत पाय आईच धुवायची. आपल्या पायात मात्र कॅनव्हासचे बूट घालायची, मी सांगलीहून आणलेले. बायडाक्का त्यांना होड्या म्हणायची. पौर्णिमेनंतर आम्ही विट्याला गेलो, मग मिरजेला. तिचे दोन्ही पाय शेवटपर्यंत शाबूत राहिले. त्या पहाटेबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. मी माझ्या मनाशी धरून चालले होते की मी तिला पकडलं, आणि तिनं मला माफ केलं.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. त्याच्या आधी काही आठवडे ती सांगलीला माझ्याकडे होती. मूत्रपिंडं थकली होती, खूप झोपायची. एका सकाळी मी तिच्या टाचांना तेल लावत होते आणि ती मधेच म्हणाली, "तिसऱ्यांदा तू काटा धरून ठिवला हुतास. बोटभर लांब."

कशाबद्दल बोलते आहे ते मला लगेच कळलं. माझा हात थांबला.

"तुला कसं माहीत?"

"चांदण्यात दिसत हुतं की. मान वर हुती, डोळं खाली. पयले दोन बघूनच सांगितलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. पहिले दोन बघून सांगितले. म्हणजे तिसरा टेकला नाही, हेही तिनं बघितलं होतं. तेव्हा ती गप्प राहिली असती तर पास झाली असती, ज्योत घेऊन घाट उतरली असती, आणि मला कधीच काही कळलं नसतं.

"मग लागलं का म्हणालीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात घालत होतं.

"माज्या तोंडानं मला सांगता येईना," ती म्हणाली. "काटा धरून तू तर इचारत बसली हुतीस."

मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

"पाय गार पडलेत का?" मी विचारलं.

"मला कुठलं कळतंय," ती म्हणाली. "तुजा हात गार पडलाय. आत घे."